पहिल्या हाकेला

१

आमचे हे पहिल्या हाकेला कधीच ओ देत नाहीत. ही तक्रार नाही, माहिती आहे. लग्नाला पाच महिने झाले आणि या काळात मी तिची पुरेशी खातरजमा केली आहे.

शारजात, अल मजाजला, एकोणिसाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. तिथे अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, नणंद फिरदोस, हे आणि मी. संध्याकाळी स्वयंपाकघरातून मी म्हणते, "अहो." काही नाही. परत म्हणते, "अहो." टीव्हीवर कुणीतरी आउट होतं. तिसऱ्यांदा म्हटलं की हॉलमधून येतं, "काय गं?" आणि ते अशा सुरात, जणू आत्ताच पहिल्यांदा हाक मारली.

नावाने हाक मारायचा प्रश्नच नव्हता. निकाहच्या दुसऱ्याच दिवशी अम्मींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. त्याचं आयुष्य कमी होतं." मी बी.एस्सी. झालेय. तरी नाही घेतलं. व्हिसाच्या फॉर्मवर लिहिलं. मेडिकलच्या काउंटरवर "हजबंड नेम?" विचारलं तेव्हा पासपोर्ट पुढे सरकवला. लिफ्टमधल्या मल्याळी बाईंनी विचारलं, तेव्हा फिरदोसकडे बघून हसले. कमी बोलणाऱ्या माणसाचं हे एक बरं असतं, न बोललेलं कुणाच्या लक्षात येत नाही. माझा त्यावर विश्वास होता असं नाही. पण दुसऱ्याच्या आयुष्यावर प्रयोग कोण करील?

हेही मला "अगं" म्हणतात. फिरदोस "भाभी" म्हणते. अम्मी "दुल्हन" म्हणतात. शारजात आल्यापासून माझं नाव फक्त माझ्या आईच्या फोनवर ऐकू यायचं.

२

जानेवारीतली ती शर्यत रुवैस या रिफायनरीच्या गावाच्या दक्षिणेला होती. चौघांची टीम, रात्रभर धावायचं, पंचावन्न किलोमीटर. प्रत्येक चेकपॉइंटला चौघांनी एकत्रच पोचायचं, एक जरी कमी असला तरी टीम बाद. हे कॅप्टन. दुसरी फिरदोस, जी शाळेत पी.टी. शिकवते आणि घरातही शिकवते. तिसरा नेल्सन बाप्टिस्ट, यांचा जुना मित्र, वसईचा, रुवैसमध्ये सेफ्टी ऑफिसर. चौथा अक्रम नावाचा यांचा एक सहकारी होता. आठ दिवस आधी तो जिन्यावरून घसरला.

"भाभीला घ्या," फिरदोस म्हणाली.

"हिला?" हे म्हणाले. मी समोरच कांदा चिरत होते.

"शेवटचा टप्पा सगळा सबख्यातून आहे, भाई. गेल्या आठवड्यात पाऊस झालाय. आपल्यात चिखलात चालता कुणाला येतं?"

सबखा म्हणजे समुद्राजवळची मिठाची सपाट जमीन. वरून पापडासारखी कडक, आतून ओली. मी दाभोळच्या खाडीकाठची. ओहोटीला आईबरोबर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जाताना मी गाळात चालायला शिकले, बहुतेक जमिनीवर चालायला शिकले त्याच वर्षी. धावण्याचं म्हणाल, तर माहेरी मी सकाळच्या एस.टी.मागे रोज धावायचे आणि बहुतेक वेळा ती पकडायचे.

"जमेल का गं?" यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. माझं भाषण एवढंच असतं.

३

पहिले चव्वेचाळीस किलोमीटर वाळूचे होते, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. पाय दुखले. नेल्सन सतत बोलत होता. लांब रिफायनरीची ज्वाळा आभाळात नारिंगी डाग पाडून उभी होती आणि ती एवढी मोठी होती की वाट चुकायची भीती वाटायला जागाच नव्हती.

रात्री दीडच्या सुमारास सबख्याच्या तोंडाशी पोचलो. तिथल्या मार्शलने, एका पाकिस्तानी काकांनी, चहा दिला आणि हिंदीत बजावलं. ओळीने चाला, दोघांमध्ये दहा पावलं ठेवा, वजन एका जागी आलं तर वरची खपली फुटते. दर पन्नास मीटरवर चमकणारी काठी आहे, ती सोडू नका. गाडी आत येऊ शकत नाही, इन्शाल्ला गरजही पडणार नाही.

"पुढे भाभी," नेल्सन म्हणाला. "गाळाची एक्स्पर्ट. मी शेवटी. सेफ्टीवाला नेहमी शेवटी असतो, म्हणजे काय झालं ते रिपोर्टमध्ये नीट लिहिता येतं."

"गप रे," फिरदोस म्हणाली. "यल्ला, चला."

पुढे मी, मागे हे, त्यांच्यामागे फिरदोस, शेवटी नेल्सन. ट्रॅकर आणि फोन कॅप्टनच्या पाठीवरच्या बॅगेत. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिटी, अंगात पिवळ्या पट्ट्यांचं जॅकेट.

अर्ध्या किलोमीटरवर धुकं आलं. आलं म्हणजे चालत आलं नाही, एकदम असायला लागलं. आधी ज्वाळेचा डाग पुसला, मग माझे हात. डोक्यावरचा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहायची, म्हणून तो पायांकडे वळवला. मागे वळून पाहिलं तर हे दिसत नव्हते.

"दर शंभर पावलांना हाक मारायची!" मागून यांचा आवाज आला. "प्रत्येकाने आपल्या मागच्याला!"

शंभर पावलं मोजून मी म्हणाले, "अहो!"

काही नाही.

"अहो!"

"हां हां, आहे! फिरदोस!"

"आहे, भाई! नेल्सन!"

"हजर, मॅडम!"

माळेसारखी हाक मागे मागे गेली. मला बरं वाटलं. दुसऱ्या शंभराला तीन हाका लागल्या. तिसऱ्याला दोन.

४

कितव्या शंभराला ते आठवत नाही. मी म्हणाले, "अहो!"

"हो."

लगेच. माझी हाक संपते न संपते तोच.

मी मनात हसले. म्हटलं, पाच महिन्यांत घरी जे जमलं नाही ते सबख्याने करून दाखवलं. नवऱ्याला वाळवंटात आणावं, टीव्ही नसावा, मग कान उघडतात. अम्मींना सांगायला हवं.

पुढच्या शंभराला, "अहो!"

"हो."

आवाज यांचाच होता. जरा खाली लागलेला, जरा ओला, पण रात्री दोनला कुणाचा आवाज कोरडा असतो? त्यामागे फिरदोसला मारलेली हाक काही ऐकू आली नाही. धुक्यात आवाज दबतो, मी स्वतःला म्हणाले. पण मग यांचा कसा दबत नाही? ते जवळ आहेत म्हणून. दहा पावलांपेक्षा जवळ? असतील. भीती वाटली असेल, कबूल कसं करतील?

"अहो, पाय ठीक आहे ना? सकाळी दुखत होता तो?"

"हो."

"पाणी संपलं का?"

"हो."

"मग माझ्यातलं देऊ?"

"हो."

मी थांबले नाही. ओल्या गाळात थांबायचं नसतं, थांबलं की पाय बसतो. पण चालता चालता मी कान दिला. गाळाचा कान मला आहे. खाडीत आई माझ्या मागे किती अंतरावर आहे ते मी न बघता सांगायचे. खपली मोडल्याचा कुर्र आवाज, मग पाय उपसल्याचा चुळ्ळ आवाज. कुर्र, चुळ्ळ. कुर्र, चुळ्ळ.

माझेच दोन पाय.

धुक्यात आवाज दबतो, मी परत म्हणाले. या वेळी मोठ्याने.

"हो," ते म्हणालं.

५

शेवटची काठी कधी दिसली ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवेना.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि माझ्या मानेवरचे केस जॅकेटच्या कॉलरला टोचायला लागले. तो आवाज दर वेळी जरासा डावीकडे सरकत होता. आणि तो पाठीमागेच राहावा म्हणून मी, अंगाच्या सवयीने, दर वेळी जराशी उजवीकडे वळत होते. मला कुणी ओढत नव्हतं, बोलावतही नव्हतं. म्हशीला बाजूने हाकतात तसं मला हाकलं जात होतं.

पायाखालची खपली मऊ झाली होती. आता कुर्र आवाज येतच नव्हता.

तेवढ्यात शिटी ऐकू आली. खूप लांबून, सुईएवढी बारीक. तीनदा. तीन शिट्या म्हणजे मदत.

फिरदोसची, किंवा नेल्सनची. ते तिकडे कुठेतरी मागे होते. आणि हे? हे त्यांच्याच पुढे होते, माझ्यामागे.

दिवा खाली धरून मी मागे वळले. माझ्या पावलांचे चार ठसे होते. पाचवा पाण्याने भरून सपाट झाला होता. त्यापलीकडे जमीन पुसलेल्या पाटीसारखी होती. ठशांची ओळ एकच होती.

मी शिटी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. तीनदा.

डावीकडून, चार-पाच पावलांवरून, उत्तर आलं. तीन शिट्या. हळू आवाजात. शिटी फुंकताना आधी माणूस श्वास घेतो. तो श्वास त्यात नव्हता.

लांबची शिटीही परत वाजली, पण आता ती कुठून आली ते कळेना. मागून, समोरून, सगळीकडून. डाव्या पायाला थंडगार पाणी लागलं. मी पाय उपसला, दुसरा टाकला. मला जागच्या जागी गोल गोल चालत राहावं लागत होतं, घाण्याच्या बैलासारखं.

तिकडे कुणीतरी अडकलं होतं. ते कोण असणार हे मला माहीत होतं. कारण अडकलेला माणूस फिरदोस किंवा नेल्सन असता, तर हे कधीच माझ्या नावाने शंख करत धावत सुटले असते.

तोंडातून सवयीने निघालं, "अहो..."

"हो."

आता अगदी जवळून. कानाशी नाही, खालून. माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून.

६

भीतीत माणसाला मोठे विचार सुचत नाहीत. मला व्हिसाचा फॉर्म आठवला.

अहो कुणीही असू शकतं. शिटी कुणाचीही असू शकते. फॉर्मवर मात्र एक रकाना असतो, त्यात एकच माणूस मावतो, आणि तो रकाना मी स्वतःच्या हाताने भरला होता. लिहिलेलं चालतं तर बोललेलं का चालू नये?

अम्मींचं बोलणं आठवलं. आयुष्य कमी होतं. किती कमी होतं? एका हाकेला एक दिवस? एक वर्ष? आणि तिकडे आत्ता, मिठाच्या पाण्यात, त्यांचं किती उरलं असेल?

मी छाती भरून श्वास घेतला.

"मुश्ताक!"

डावीकडचं सगळं थांबलं. एखाद्याने बोलायला तोंड उघडावं आणि शब्दच ठाऊक नसावा, तशी शांतता. त्या शांततेत काहीतरी बारीक बारीक बुडबुडत होतं.

आणि तिकडून, जिथून उत्तर यायला हवं होतं तिथून, काही नाही.

"मुश्ताक!"

काही नाही. घेतलं मी नाव. घेतलं आणि संपवलं.

"मुश्ताऽऽक!"

"काय गं!" उजव्या हाताला मागून, लांबून, चिडलेला आवाज आला. "किती वेळ ओरडतोय आम्ही! साजिदा! इकडे ये, साजिदा!"

तिसऱ्या हाकेला. अगदी तिसऱ्या.

मी रडत होते का हसत होते ते मलाही सांगता येणार नाही. वळताना डोक्यावरचा दिवा एकदा डावीकडून फिरला. धुक्यात दोन पट्ट्या चमकल्या, जॅकेटवर असतात तशा. आमच्या पट्ट्या पिवळ्या होत्या, या पांढऱ्या होत्या. माणसाच्या छातीवर असतात तेवढ्याच अंतरावर एकीखाली एक, पण जमिनीपासून फक्त गुडघाभर वर. माझ्याकडे वळलेल्या. मी बघत असताना त्या सावकाश, जराही पाणी न हलवता, खाली गेल्या. आधी खालची, मग वरची.

दुसऱ्यांदा मी तिकडे दिवा नेला नाही.

७

वाटभर मी नाव घेत गेले. पाच महिन्यांची थकबाकी होती. दर पाच पावलांना "मुश्ताक", आणि दर वेळी तिकडून, "अगं आहे, आहे! आणखी किती वेळा!"

काठीच्या जवळच ते तिघे होते. हे मांडीपर्यंत आत गेलेले, ओठ निळे. फिरदोस एका काखेत हात घालून ओढत होती, नेल्सन दुसऱ्या. जितकं ओढत होते तितके हे खाली जात होते.

"सोडा," मी म्हणाले.

"भाभी, आम्ही वीस मिनिटं..."

"सोडा म्हटलं ना! दोघं आडवे व्हा. पोटावर. जॅकेट काढून यांच्या पाठीमागे पसरा." मग यांना, "तुम्ही मागे रेला. खाटेवर पडतात तसं. पाय वर खेचायचा नाही, ढवळायचा. हळूहळू. पाण्याला आत जाऊ द्या, ते सोडवेल. चमच्यानं साखर ढवळता ना, तसं."

"ही एवढं बोलते?" नेल्सन चिखलात तोंड खुपसूनच म्हणाला.

"ढवळा!"

ढवळलं त्यांनी. दात वाजत होते, तरी ढवळलं. उजवा पाय आधी सुटला, मग डावा, पण बुटाशिवाय.

"सहाशे दिरहॅमचे बूट होते," हे पाठीवर पडल्या पडल्या म्हणाले.

"चौदा हजार रुपये," नेल्सन म्हणाला. "अर्धे. सात."

फिरदोसने स्वतःचे कोरडे मोजे यांच्या बूट गेलेल्या पायात चढवले आणि मग ती एकदम माझ्यावर उखडली. "आणि तू थांबली का नाहीस, भाभी? भाई आत गेला तेव्हाच आम्ही ओरडलो. हा ओरडला, 'अगं, थांब!' तू 'हो' म्हणालीस. मी म्हटलं, 'भाभी, मागे ये!' तू परत 'हो'. लगेच! आम्हाला वाटलं, येतेय."

"मी तर म्हटलं, चला," हे म्हणाले. "पहिल्यांदाच पहिल्या हाकेला ऐकलं."

कुणी हसलं नाही, कारण मी त्यांच्याकडे बघत होते.

"माझा आवाज होता?" मी विचारलं.

"तुझाच," फिरदोस म्हणाली. मग तिने धुक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शिटी मुठीत घट्ट धरली. "म्हणजे... तुझाच होता ना?"

"नेल्सन," मी म्हणाले, "इथून पुढे अंतर नको. एकमेकांचा हात धरून, काठी ते काठी. आणि हाक मारायची तर नावाने."

"सेफ्टी प्रोसीजर," नेल्सन म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. जाताना त्याने गळ्यातल्या क्रॉसला हात लावलेला मी पाहिला.

८

सकाळी सातला, एका पायात बूट आणि दुसऱ्यात तीन मोजे घातलेल्या कॅप्टनसह, आम्ही चौघे शेवटच्या चेकपॉइंटला एकत्र पोचलो. वेळ कधीच उलटली होती, पण रात्रीचे मार्शल काका गाडीने वळसा घालून तिथे आले होते, त्यांनी चौघांची नावं मोठ्याने वाचली आणि चौघांनी ओ दिली. त्या यादीएवढं सुंदर मी बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं. ऊन वर आलं, धुकं गेलं, आणि लांब रिफायनरीची ज्वाळा फिकट होऊन उभी होती, जणू रात्रभर तिथेच होती. असेलही.

मी त्या काकांना विचारलं, "हमारे सिवा उधर कोई और टीम थी? सफेद पट्टीवाली?"

त्यांनी कागद पाहिला. मग त्यांनी माझ्या चहात आणखी एक चमचा साखर घातली आणि ढवळत राहिले. "बेटी," ते म्हणाले, "आप चार गये थे, चार आये. खलास."

मला ते पुरलं. अजूनही पुरतं.

घरी पोचायच्या आत फिरदोसने अम्मींना सगळं सांगितलं होतं, म्हणजे बूट आणि चिखल आणि मी नाव घेतलं हे. बाकीचं तिने सांगितलं नाही. अम्मी दारातच उभ्या होत्या. आधी मुलाला वरपासून खालपर्यंत चाचपलं, मग माझ्याकडे वळल्या.

"नाव घेतलंस म्हणे?"

"घेतलं, अम्मी."

"कितीदा?"

"आधी तीनदा. मग पुष्कळदा."

मला वाटलं, आता सुरू होणार.

"तीनदा लागतंच त्याला," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. जा, आधी गरम पाण्यानं अंघोळ कर, साजिदा."

९

त्यानंतर मी नावानेच हाक मारते. लिफ्टमध्ये, दुकानात, घरासमोरच्या खालिद लगूनच्या पाण्याच्या कडेने चालताना. लिफ्टमधल्या मल्याळी बाईंना मी स्वतःहून नाव सांगितलं. त्यांना काय त्याचं, पण त्या हसल्या.

परवा संध्याकाळी लगूनवर धुकं उतरलं होतं. एकोणिसाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर पांढरी भिंत होती. मी पोळ्या लाटत होते, मीठ संपलं होतं, आणि सवय कुठे जाते, तोंडातून निघून गेलं.

"अहो!"

लाटणं हातात तसंच राहिलं. मी श्वास रोखून धरला. फ्रिज घुमत होता. अम्मींच्या खोलीत तसबीचे मणी सरकत होते. खिडकी बंद होती, तरी मी तिच्याकडे पाठ केली नाही.

उत्तर आलं नाही.

"अहो!" मी म्हणाले, जरा धीराने.

टीव्हीवर कुणीतरी आउट झालं.

मी लाटणं खाली ठेवलं. ओट्याला टेकून उभी राहिले आणि ती शांतता पुरेपूर ऐकली. मग तिसऱ्यांदा हाक मारली.

"काय गं?" हॉलमधून आवाज आला. "एकदा हाक मारली की कळतं मला."